विजेची वाट

गेल्या पावसाळ्यांत आमच्या सहाव्या इयत्तेंतील एक मुलगा तीन दिवस शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं आला तो नेहमींसारखा हंसतखेळत नव्हे. मधल्या सुट्टींत त्यास जवळ बसवून विचारपूस केली, तेव्हां सर्व हकीकत कळली. त्याचें घर समुद्रकांठच्या एका कोळीवाड्यांत आहे. मागील दारीं कपडे वाळत घालण्याकरितां लोखंडी तार बांधलेली होती. तिचें एक टोंक छपराजवळच्या लोखंडी नळीस गुंडाळलेलें होतें आणि त्याच नळीवरून घरांत येणारी विजेची वायर गेली होती. वर्षानुवर्षें वाऱ्यानें हालून व घांसून त्या वायरीचें वेष्टण एका जागीं झिजलें होतें. मुलाच्या आईनें ओलें लुगडें तारेवर टाकलें मात्र, आणि तिचा हात तारेस चिकटून बसला. मुलगा तिला ओढावयास धांवला. परंतु आजीनें त्याच्या दंडास धरून त्यास मागें खेंचलें, शेजाऱ्यास "मेन बंद कर" म्हणून ओरडून सांगितलें, आणि कोपऱ्यांतील कोरडें मुसळ उचलून त्यानें सुनेचा हात तारेवरून दूर लोटला. देवाच्या कृपेनें बाई वांचली. तळहातावर एक भाजल्याचा डाग तेवढा राहिला.

हें सांगून झाल्यावर त्या मुलानें मला दोन प्रश्न विचारले. "सर, आईला एवढा झटका बसला, मग आजीला कां बसला नाहीं? आणि त्याच तारेवर त्या सकाळीं कावळा बसला होता. तो कसा मेला नाहीं?"

प्रिय विद्यार्थ्यांनो, हे प्रश्न परीक्षेच्या कोणत्याही प्रश्नाहून मोलाचे आहेत. त्यांचें उत्तर त्या दिवशीं मीं दहा मिनिटांत दिलें. परंतु तें सर्वांस उपयोगी पडेल असें वाटून येथें सविस्तर लिहीत आहें. पालकांनींही हा लेख वाचावा अशी विनंति आहे; कारण घरांतील वायरीची डागडुजी करणें मुलांच्या हातीं नसतें, तें मोठ्यांच्याच हातीं असतें.

प्रथम वीज म्हणजे काय तें पाहूं. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं ग्रीक लोकांस असें आढळलें होतें कीं, अंबर नांवाचा पिंवळा राळेसारखा पदार्थ लोकरीवर घांसला असतां तो गवताच्या काड्या आपणाकडे ओढून घेतो. हाच प्रयोग तुम्ही प्लॅस्टिकच्या फणीनें करूं शकतां. कोरड्या केसांवरून फणी दहावीस वेळां फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे उडून फणीस चिकटतील. मात्र आपल्या किनाऱ्यावर हा प्रयोग श्रावणांत करूं नये. त्या वेळीं हवेंत ओल इतकी असते कीं फणीवर जमलेली वीज लगेच निसटून जाते. मार्गशीर्ष-पौषांतील कोरड्या सकाळीं तो उत्तम साधतो.

जगांतील सर्व पदार्थ परमाणूंचे बनलेले आहेत. प्रत्येक परमाणूच्या मध्यभागीं एक जड गाभा असून त्याच्या भोंवतीं इलेक्ट्रॉन नांवाचे अत्यंत हलके कण असतात. सन १८९७ मध्यें इंग्लंडांतील जे. जे. टॉमसन ह्या शास्त्रज्ञानें ह्या कणांचा शोध लाविला. तांबें, ॲल्युमिनियम, लोखंड इत्यादि धातूंत प्रत्येक परमाणूचे एकदोन इलेक्ट्रॉन घरदार सोडून मोकळे हिंडत असतात. त्यांस एका दिशेनें लोटलें कीं विजेचा प्रवाह सुरू होतो. लांकूड, रबर, कांच, चिनी माती ह्यांत इलेक्ट्रॉन आपापल्या परमाणूस घट्ट बांधलेले असतात, म्हणून त्यांतून प्रवाह सहसा जात नाहीं. पहिल्या प्रकारच्या पदार्थांस वाहक म्हणावें आणि दुसऱ्या प्रकारच्या पदार्थांस रोधक म्हणावें.

आतां इलेक्ट्रॉनांस लोटतो कोण? डहाणू-घोलवडकडील चिकूची वाडी किंवा पालघर-वसईकडील भाजीची वाडी तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. उंचावरील टांकींतून पाटानें पाणी खालच्या आळ्यांकडे वाहतें. टांकी जितकी उंच तितका पाण्याचा जोर अधिक. पाट रुंद व स्वच्छ असेल तर पुष्कळ पाणी वाहतें. अरुंद किंवा गाळानें भरलेला असेल तर थोडें वाहतें. विजेचेंही असेंच आहे. टांकीच्या उंचीच्या जागीं विजेचा दाब समजावा. तो व्होल्टमध्यें मोजितात. दर सेकंदास वाहणाऱ्या पाण्याच्या जागीं विजेचा प्रवाह समजावा. तो अँपिअरमध्यें मोजितात. आणि पाटाच्या अरुंदपणाच्या जागीं तारेचा रोध समजावा. त्याचें माप ओहम. दाबास रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह निघतो. हा नियम जर्मनीतील ओहम ह्या शिक्षकानें सन १८२७ मध्यें प्रसिद्ध केला, आणि हा एकच नियम नीट समजला तरी ह्या लेखाचें निम्में काम झालें.

परंतु पाटाची उपमा एका ठिकाणीं फसते, आणि तें ठिकाण फार महत्त्वाचें आहे. पाट फुटला तर पाणी बाहेर सांडतें. तार तुटली तर वीज जमिनीवर सांडत नाहीं. प्रवाह तत्क्षणीं थांबतो. कारण विजेस जाण्याची वाट आणि परत येण्याची वाट अशा दोन्ही वाटा लागतात. निघाल्या ठिकाणीं परत पोंचविणारें अखंड वर्तुळ असल्यावांचून ती एक पाऊलही टाकीत नाहीं. दिव्याचें बटण बंद करणें म्हणजे ह्या वर्तुळांत जाणूनबुजून खिंड पाडणें होय.

आपल्या घरांत दोन मुख्य वायरी येतात. एकीस फेज म्हणतात. तिच्यांत दाब असतो. दुसरीस न्यूट्रल म्हणतात. ती परतीची वाट. गांवांतील ज्या ट्रान्सफॉर्मरला आपण डी. पी. म्हणतों, तेथें ही न्यूट्रल तार जमिनींत खोल पुरलेल्या धातूस जोडलेली असते. ह्याचा अर्थ असा कीं, आपल्या पायांखालची जमीन हीसुद्धां विजेची परतीची वाटच आहे. एवढें लक्षांत आलें म्हणजे कावळ्याचें कोडें सुटलें. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर होते. दोन्ही पायांस दाब सारखाच. जमिनीशीं त्याचा संबंध नाहीं. परतीची वाटच नसल्यामुळें त्याच्या अंगांतून वाहण्याजोगा प्रवाह गेला नाहीं. त्या माउलीचे पाय मात्र ओल्या जमिनीवर होते. तारेंतून हातांत, हातांतून शरीरांत, शरीरांतून पायांवाटे जमिनींत आणि जमिनींतून परत डी. पी. कडे असें वर्तुळ पुरें झालें. मुलानें आईस मिठी मारली असती तर त्याच वर्तुळाची आणखी एक शाखा त्याच्या देहांतून निघाली असती. आजीनें त्यास मागें ओढलें तें ह्यासाठींच.

आतां मुसळाचें कोडें. वाळलेलें लांकूड हा रोधक पदार्थ. घरांतील २३० व्होल्टचा दाब त्यांतून लक्षांत येण्याजोगा प्रवाह लोटूं शकत नाहीं. म्हणून आजी बचावली. परंतु मीं त्या मुलास विचारलें, "दारांत तर तुमचीं वल्हींही होतीं. आजीनें मुसळाऐवजीं वल्हें उचललें असतें तर?" तो म्हणाला, "तेंही लांकूडच, सर." येथेंच मोठी चूक होते. समुद्रांतून नुकतेंच आणलेलें वल्हें खाऱ्या पाण्यानें भिजलेलें असतें, आणि खारें पाणी विजेची उत्तम वाट आहे.

हें पटावें म्हणून आम्ही वर्गांत एक प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा. टॉर्चचे तीन सेल एकामागें एक जोडा. एक लहान तांबडा एल. ई. डी. दिवा घ्या, त्याचा लांब पाय सेलांच्या धन टोंकास वायरीनें जोडा. दुसऱ्या पायापासून एक वायर आणि सेलांच्या ऋण टोंकापासून एक वायर अशा दोन वायरींचीं सोललेलीं टोंकें, एकमेकांस लागूं न देतां, कांचेच्या पेल्यांत सोडा. पेल्यांत आभाळांतून थेट स्वच्छ भांड्यांत धरलेलें पावसाचें पाणी असावें. दिवा बहुधा लागणार नाहीं. आतां त्यांत चमचाभर मीठ घालून ढवळा. दिवा उजळेल आणि वायरींच्या टोंकांशीं बारीक बुडबुडे दिसूं लागतील. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे विद्युद्भारित कण सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. हा प्रयोग केवळ टॉर्चच्या सेलांवरच करावा. भिंतींतील विजेवर तो कदापि करूं नये. तेथें चुकीस क्षमा नाहीं.

आपला घाम खारट असतो. विहिरीच्या व नळाच्या पाण्यांतही क्षार असतात. म्हणून ओला हात आणि कोरडा हात ह्यांत विजेच्या दृष्टीनें जमीनअस्मानाचें अंतर पडतें. हिशेबच करून पाहूं. कोरड्या कातडीचा रोध सुमारें १,००,००० ओहम असूं शकतो. २३० ला त्यानें भागिलें तर प्रवाह येतो ०.००२३ अँपिअर, हात झिणझिणतो, माणूस दचकतो. तीच कातडी चिंब भिजली कीं शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरूं शकतो. आतां प्रवाह होतो ०.२३ अँपिअर, म्हणजे शंभरपट. अँपिअरच्या सुमारें शंभराव्या हिश्शानें हाताचे स्नायू आंखडतात व धरलेली वस्तु सोडवत नाहीं. बाईचा हात चिकटला तो ह्यामुळें. त्याच्या तीनचार पट प्रवाह थोडा वेळ छातींतून गेला तर हृदयाचा ठेका बिघडून मृत्यु येऊं शकतो. तुमच्या अभ्यासाच्या मेजावरील नऊ वॅटच्या दिव्यांतून सुमारें ०.०४ अँपिअर प्रवाह वाहतो. तेवढाच प्रवाह मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा आहे, हें विसरूं नये.

ही वीज येते कोठून? ह्याचें उत्तर आपल्या तालुक्यांतच आहे. परंतु त्याआधीं एका सत्पुरुषाचें स्मरण केलें पाहिजे. मायकेल फॅरडे हा लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा, सन १७९१ मध्यें जन्मलेला. शालेय शिक्षण जेमतेम. पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत असतां, बांधावयास येणारीं पुस्तकें वाचूनच तो शास्त्र शिकला. सन १८३१ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हालविला असतां वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. तो एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा आमरण निष्ठावंत सभासद होता. कीर्ति मिळाली तरी राहणी साधी ठेविली. गरिबी हें अज्ञानाचें कारण असलेंच पाहिजे असें नाहीं, हें त्याच्या चरित्रापासून शिकावें.

जगांतील बहुतेक मोठीं वीजकेंद्रें फॅरडेच्या ह्याच नियमावर चालतात. प्रश्न एवढाच कीं, चुंबक फिरवावयाचा कशानें? खोपोलीस सन १९१५ पासून टाटांच्या केंद्रांत घाटावरून कोसळणारें पाणी चक्र फिरवितें. डहाणूच्या केंद्रांत कोळसा जाळून पाण्याची वाफ करितात व ती वाफ चक्र फिरविते. तारापूरच्या केंद्रांतही वाफच चक्र फिरविते; मात्र पाणी उकळविणारी उष्णता युरेनियमच्या परमाणूचा गाभा फुटून निघते. सन १९६९ मध्यें सुरू झालेलें तारापूरचें केंद्र हें भारतांतील पहिलें व्यापारी अणुवीजकेंद्र होय. सन २००५ व २००६ मध्यें तेथें प्रत्येकीं ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच सुरू झाले. ५४० मेगावॅट म्हणजे ५४ कोटि वॅट. नऊ वॅटचे सहा कोटि दिवे एका वेळीं लागतील एवढी शक्ति. वापरलेली वाफ थंड करून पुन्हां पाणी करावें लागतें. त्यासाठीं अपार थंड पाणी हवें, म्हणून हें केंद्र समुद्राच्या कांठीं बांधलें आहे.

ही वीज अतिशय मोठ्या दाबानें दूरवर पाठवितात. कां, तें ऐका. तारेंत प्रवाह वाहतांना उष्णता होऊन शक्ति वायां जाते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत जाते. दाब दहापट केला तर तीच शक्ति दहाव्या हिश्शाच्या प्रवाहानें पोंचते, आणि वायां जाणारी उष्णता शंभराव्या हिश्शावर येते. म्हणून बोईसरच्या माळावरून गेलेल्या उंच मनोऱ्यांवरील वाहिन्यांत २,२०,००० किंवा ४,००,००० व्होल्ट दाब ठेवितात. पुढें उपकेंद्रांतून तो टप्प्याटप्प्यानें उतरत गांवच्या डी. पी. पाशीं येतो आणि घरांत २३० व्होल्टचा होऊन शिरतो. आपल्या आगगाडीच्या वरील तारेंत २५,००० व्होल्ट असतात. इतक्या दाबाची वीज हवेंतूनही उडी मारते. तारेस हात लागावाच लागतो असें नाहीं. मालगाडीच्या छतावर चढून खेळणें हें साहस नव्हे, आत्मघात आहे.

पालक नेहमीं विचारतात, "वीज आमच्या उशाशीं तयार होते, तरी दिवे आमचेच कां जातात?" प्रश्न रास्त आहे. तारापूरची वीज तारापूरच्या पेटींत ठेवलेली नसते. ती प्रथम मोठ्या जाळ्यांत जाते. सन २०१३ च्या अखेरीपासून सर्व देशाचें मिळून असें एकच जाळें झालें आहे. त्या जाळ्यांतून आपल्या गांवास येणारी वाट म्हणजे खांबांवरून गेलेली लहान वाहिनी. ती तुटली कीं उशाशीं समुद्र असून तहान भागत नाहीं, तशी स्थिति होते. आणि आपल्या किनाऱ्यावर ही वाट अडविणारा मोठा शत्रु पुन्हां तेंच मीठ! खांबावर तार ज्या चिनी मातीच्या रोधकांवर बसविलेली असते, त्यांवर उन्हाळाभर खारा वारा मिठाचा व धुळीचा थर चढवितो. कोरडा असतां तो थर निरुपद्रवी असतो. पहिली रिमझिम किंवा दाट धुकें आलें कीं तो ओला होतो, रोधकावरूनच वीज खांबावाटे जमिनीकडे निसटते, ठिणगी उडते आणि उपकेंद्रांतील रक्षक यंत्र वाहिनी बंद करितें. धो धो पाऊस पडला म्हणजे थर धुवून जातो. पहिल्याच सरीस दिवे जातात ह्याचें हें एक खरें कारण आहे. अशा वेळीं खांबावर चढून काम करणाऱ्या वायरमनविषयीं कृतज्ञता बाळगावी. आणि ह्या विजेसाठीं अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांस आपलीं घरें सोडून दुसरीकडे वसावें लागलें, हेंही बटण दाबतांना आठवावें.

आतां ह्या सर्व ज्ञानाचा उपयोग सांगून लेख संपवितों. कपडे वाळविण्यास लोखंडी तार वापरूं नये. नायलॉनची दोरी बांधावी, आणि तीही विजेच्या वायरीपासून दूर. तीन पायांचा प्लग दोन भोंकांत कोंबूं नये. त्याचा जाड तिसरा पाय यंत्राचें धातूचें अंग जमिनीशीं जोडतो. वायर आंत सुटून त्या अंगास लागली तर वीज ह्या सोप्या वाटेनें जमिनींत जाते व फ्यूज उडतो किंवा स्विच ट्रिप होतो. माणसाची वाट तिला धरावी लागत नाहीं. फ्यूज उडाला म्हणून जाड तार बसविणें म्हणजे पहारेकऱ्यास हांकलून देणें होय. ज्यांस शक्य आहे त्यांनीं वायरमनकडून गळतीरक्षक स्विच बसवून घ्यावा. अँपिअरचे ३० सहस्रांश भाग एवढी गळती होतांच तो क्षणार्धांत वीज तोडतो. ओल्या हातानें वा अनवाणी बटणास शिवूं नये. पावसांत खांबास किंवा त्याच्या ताणाच्या तारेस गुरें बांधूं नयेत.

कोणास वीज लागली तर प्रथम मेन स्विच बंद करावा. तें जमलें नाहीं तर स्वतः कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लांकडानें त्यास दूर करावें. उघड्या हातानें नव्हे. श्वास बंद असेल तर माहितगारानें लगेच छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र रस्त्यावर किंवा शेतांत वाहिनीची तार पडली असेल तर मुसळाचा हा धडा तेथें लावूं नये. तीत ११,००० व्होल्ट किंवा अधिक दाब असूं शकतो; त्यापुढें कोरडी काठीही भरंवशाची नाहीं. पुष्कळ दूर थांबावें, इतरांस थांबवावें, आणि १९१२ वर कळवावें.

वीज ही दुष्टही नाहीं आणि दयाळूही नाहीं. ईश्वरानें सृष्टीस जे नियम घालून दिले, ते ती तंतोतंत पाळते. राजाच्या महालांत आणि कोळ्याच्या झोंपडींत सारखेच. ते नियम जाणून घेणें एवढेंच आपल्या हातीं आहे. त्या आजीनें कधीं शाळा पाहिली नव्हती. तिनें अनुभवानें योग्य वस्तु उचलली. तिच्या नातवास आतां कारणही ठाऊक झालें आहे. परवां तो मला सांगत होता कीं, त्यानें शेजारच्या अकरा घरांच्या मागील दारीं जाऊन कपड्यांच्या तारा पाहिल्या. चार लोखंडी निघाल्या, आणि त्यांपैकीं तीन घरांनीं दोरी बांधलीसुद्धां. चौथ्या घरीं तो पुन्हां जाणार आहे.